रंधा लावून दाखवा

मुलगी बघायला आले की तिला चालायला लावायचं, सुईत दोरा ओवायला लावायचं आणि वर "गाता येतं का?" असंही विचारायचं, अशी तेव्हा सगळीकडे रीत होती. आमच्या धुळ्याच्या घरात मात्र परीक्षा मुलाची व्हायची. पोहे झाले, चहा झाला की माझे वडील, म्हणजे आमचे आबा, उठायचे. कारखान्यातून आपला मोठा रंधा आणायचे, पाचर उपसून पातं बाहेर काढायचे आणि तिन्ही वस्तू मुलापुढे चटईवर मांडून म्हणायचे, "लावून दाखवा."

कारखाना म्हणजे काही चिमणीबिमणीचा नव्हे हो. घराला लागून पत्र्याची एक लांब पडवी होती, तिला आम्ही कौतुकानं कारखाना म्हणायचो. आम्ही सुतार. आबा दारं, खिडक्या, कपाटं करायचे. मुलगेही सगळे सुतारांचेच सांगून यायचे, तेव्हा रंधा लावणं त्यांना काही नवीन नव्हतं. पण आबांसमोर बसून लावायचा म्हटलं की भल्याभल्यांना घाम फुटायचा.

ज्यांनी रंधा फक्त दुरून पाहिलाय त्यांच्यासाठी सांगते. लाकडाचा लांबट ठोकळा, त्याच्या तळाला एक फट, तिला तोंड म्हणायचं. त्या तोंडातून लोखंडी पातं तिरकं खाली उतरतं आणि वरून लाकडाची पाचर त्याला दाबून धरते. बस्स, एवढंच यंत्र. सगळी मेख आहे ती पातं तळाच्या बाहेर किती डोकवावं यात. केसभर डोकवायला हवं. जास्त डोकावलं तर रंधा लाकूड उचकटतो, कमी पडलं तर नुसता सरकतो. एक कोपरा पुढे राहिला तर फळीवर रेघा उठतात. पात्याच्या शेपटीवर टिचकी मारली की ते पुढे जातं, रंध्याच्या बुडावर मारली की मागे येतं. पाचर फार ठोकली तर रंधा फुटायची भीती, कमी ठोकली तर चालवताना पातं थरथरतं आणि फळी धुणं धुवायच्या खडबडीत दगडासारखी होते. "बायकोशी बोलावं इतक्या हलक्या हातानं ठोकावं," असं आबा म्हणायचे. त्यावर माय म्हणायची, "मंग रंधासंगेच लगीन करानं व्हतं!"

तर अशी ती परीक्षा. रंधा लावायचा, सागाच्या फळीवर एकदाच चालवायचा, आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत न तुटता पातळ छिलका निघाला पाहिजे. एक मुलगा आला, त्यानं घाबरून पात्यावर असा टोला हाणला की पातं तोंडातून निसटून आमच्या जाजमात रुतलं. एकाचं फर्निचरचं दुकान होतं. तो म्हणाला, "आमच्याकडे रंधा मारायला माणसं आहेत." आबा म्हणाले, "मंग संसाराले पण माणसंच ठेवजा," आणि उठून गेले. पारोळ्याच्या मुलानं तर माझ्या मते फार छान लावला होता. छिलका आरपार आला. आबांनी तो बोटांत धरला, फळीवरून तळवा फिरवला आणि म्हणाले, "एक कोपरा खातोय." मला तर काही दिसला नाही तो कोपरा. पण बोलायची सोय नव्हती.

हळूहळू समाजात बोभाटा झाला. "त्या घरी जाऊ नका, तिथे सासरा नाही, रंधा बसलाय," असं लोक म्हणायला लागले. माझ्या बरोबरीच्या मुली कडेवर पोरं घेऊन माहेरपणाला यायच्या आणि मला "अजून नाही का गं?" विचारायच्या. माय दर आठवड्याला एकदा तरी कपाळावर हात मारून म्हणायची, "पोर म्हातारी व्हई जाई, तरी तुमना रंधा लागाव नही!"

आता माझं सांगते. आम्हाला भाऊ नाही. लहानपणापासून मी कारखान्यातच वाढले. करवत, पटाशी, सगळं माझ्या हातात बसलं होतं. पण बाईमाणसानं सुतारकी करणं म्हणजे तेव्हा तमाशाच. त्यामुळे मी जे करायची ते दाराआड. गिऱ्हाईक आलं की मी झाडू हातात घ्यायची. पुढे आबांची नजर उतरत गेली. चष्मा बदलून पाहिला, डोळ्यांत नाना थेंब घालून पाहिले, दवाखान्याचं नाव काढलं की मात्र अंगावर यायचे. रंधा उलटा धरून, एक डोळा मिटून, तळावर पात्याची बारीक काळी रेघ पाहायची, ती त्यांना दिसेनाशी झाली. मग रोज सकाळी निसण्याच्या दगडावर पाणी घालून पात्याला धार लावायचं आणि रंधा लावून द्यायचं काम माझ्याकडे आलं. मी रेघ पाहायचीच नाही. बोटाचं टोक तळावरून अल्लाद आडवं फिरवलं की मला कळायचं. बाहेर कोणाला पत्ता नव्हता. आबांचा हात म्हणून जो गावभर वाखाणला जायचा, त्यातली धार माझी होती. मला त्याचा राग नव्हता, उलट गंमत वाटायची.

अशात बोदवडचं स्थळ सांगून आलं. मुलगा तिकडे कापसाच्या एका जिनिंगमध्ये सुतार होता. वडील नव्हते, चुलते घेऊन येणार होते, त्यांना सगळे नाना म्हणायचे. अडचण एकच. दसरा झाला की जिनिंगचा हंगाम सुरू, मग त्याला रजा मिळणार नाही. म्हणून ते आले ते नेमके खंडेनवमीला.

खंडेनवमी म्हणजे हत्यारांच्या पूजेचा दिवस. आमच्याकडे त्या दिवशी सगळी हत्यारं स्वच्छ करून, जोडून, पाटावर मांडतात. हळदकुंकू, झेंडूची फुलं. एकदा पाटावर बसली की ती देव. दसऱ्याच्या सकाळी पूजा करून उठवेपर्यंत त्यांना हात लावायचा नाही, लोखंडानं लाकडाला शिवायचं नाही. माय आबांना म्हणाली, "आज तरी तुमची परीक्षा राहू द्या." आबा म्हणाले, "उलट आजच मजा. मुलगा रंधा लावेल, आपण पाटावर ठेवू. उद्या पूजा झाली की मी पहिला हात मारेन. छिलका निघाला तर दसऱ्याच्या मुहूर्तावर होकार." म्हणजे बिचाऱ्यानं रंधा लावायचा, पण चालवून पाहायचा नाही!

पाहुणे आले. मी पोह्यांच्या बश्या घेऊन बाहेर गेले, मान खाली. पण डोळे काय कोणाचं ऐकतात? मुलगा सावळा, उंच, कान जरा मोठेच. नाना आगगाडीच्या गर्दीबद्दल बोलत होते आणि हा आपला समोरचा स्टूल तिरका करून खाली काय आहे ते पाहत होता. तो स्टूल मी केला होता. माणसं वरची बाजू पाहतात, खरा सुतार खालची पाहतो. त्यानं सांध्यावरून अंगठा फिरवला आणि आबांना विचारलं, "हा कुणाच्या हातचा?"

आबांनी माझ्याकडे पाहिलं. बाहेरच्या माणसाला आजवर कधी सांगितलं नव्हतं. मग काय वाटलं कोण जाणे, म्हणाले, "हिच्या."

मला वाटलं, संपलं. आता नाना नाक मुरडणार. पण तो मुलगा माझ्याकडे बघून सरळ म्हणाला, "सांधा लई बेस बसलाय. कोणतं लाकूड होतं?" मी म्हटलं, "शिसम." तो म्हणाला, "वाटलंच मले." बस्, एवढंच बोलणं. पण आजवर ज्यांनी ज्यांनी मला पाहिलं त्यांनी रंग विचारला, शिक्षण विचारलं, पुरणाच्या मांड्यांचा घेर विचारला. लाकूड कोणी विचारलं नव्हतं. मी रिकाम्या बश्या घेऊन आत आले आणि चुलीपुढे उभी राहून मनाशी ठरवलं: हाच. लाज गेली खड्ड्यात, मला हाच हवा.

बाहेर त्याचं रंधा लावणं चाललं होतं. मी दाराच्या फटीतून पाहत होते. हात शांत होता. पातं बसवलं, पाचर सरकवली, रंधा उलटा करून उजेडाकडे धरला, एक टिचकी पुढे, एक मागे, कोपऱ्यावर जराशी. मला इथून काळी रेघ दिसत नव्हती, पण त्याच्या टिचक्यांचा आवाज ऐकूनच कळत होतं, की बरोबर चाललंय. पाचरीला शेवटचा टोला देऊन त्यानं रंधा आबांच्या हातात दिला. आबांनी तो पाटावर ठेवला, वर हळदकुंकू वाहिलं. पाहुणे धुळ्यातच त्यांच्या आतेकडे मुक्कामाला गेले, सकाळी येतो म्हणून.

मी हवेत होते. माय भांडी आवरता आवरता म्हणाली, "रंधा कसा चमकी राहिना पाह्य! सकाळी हौदवर लई जाईसन असा घासला, असा घासला, वरतीन तेल चोळं."

माझ्या हातातला पेला पडला. "माय! रंध्याला पाणी लावलंस?"

"मंग? पाव्हणा येणार, नि काळाकुट्ट रंधा मांडू का?"

आमच्या घरी रंधा कधी धुवायचे नाहीत, तेलाच्या फडक्यानं पुसायचे. लाकूड पाणी प्यायलं की फुगतं. फुगलेल्या रंध्यात पाचर घट्ट बसते, लावणाऱ्याला वाटतं झकास बसली. मग आश्विनातलं आमचं धुळ्याचं ऊन, आणि वर पत्रा! सकाळपर्यंत लाकूड वाळणार, आकसणार आणि पाचर ढिली होणार. पहिल्याच हाताला पातं थरथरणार. त्या बिचाऱ्याला काय माहीत? तेलाखाली ओल दिसतच नव्हती. आणि हात लावायला बंदी. रंधा देव होऊन बसला होता. मी पाटासमोर जाऊन उभी राहिले, तर माय मागून म्हणाली, "हात लायशी तर पाह्य! देव शे तो आज." आधी देवाला हौदावर घासायचं आणि मग हे! मी इतकी चिडले की मांड्यांना पुरण भरताना एकही मांडा धड झाला नाही.

दुपारी आबांना सांगावं म्हणून मी कारखान्याकडे गेले. आत माय आणि आबा बोलत होते, म्हणून दाराशीच थबकले. माय म्हणत होती, "पारोळ्याच्या पोऱ्यानं रंधा बराबर लावेल व्हता. माले काय समजत नही का? पोर गयी ते रंधा कोण लाई देई, हाईच तुमना पोटमा शे." मुलगी गेली तर रंधा कोण लावून देणार, हीच तुमच्या पोटातली भीती आहे, असं तिनं त्यांच्या तोंडावर सांगितलं. मला वाटलं आबा आता ओरडतील. पण ते भिंतीकडे तोंड करून बसून राहिले, आणि चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसत राहिले.

मी आल्या पावली परत फिरले. रंध्याचं ओलेपण सांगायचं राहूनच गेलं. खरं सांगायचं तर मला राग आला होता, आणि त्याच वेळी रडूही येत होतं. आबा उद्या पातं थरथरलेलं पाहतील, त्यांना आयतं कारण मिळेल, आणि बोदवडचा मुलगा पुढच्या गाडीनं परत. माझं सगळं आयुष्य त्या ढिल्या पाचरीला टांगलं होतं हो!

दसऱ्याच्या सकाळी पाहुणे आले तेव्हा आबांची पूजा चालू होती. मी नानांना पाणी दिलं, त्याला दिलं, आणि डोळे मोठे करून पाटाकडे पाहिलं. पुन्हा त्याच्याकडे पाहिलं, पुन्हा पाटाकडे. भुवया उडवल्या. म्हटलं, अरे बाबा, उठ आणि पाचरीला एक टोला दे! त्याला वाटलं मी लाजतेय. तोही लाजून खाली बघायला लागला. कान लाल! असा राग आला म्हणता, तांब्याच डोक्यात घालावासा वाटला.

नारळ फुटला. आबांनी हत्यारांना नमस्कार केला, रंधा उचलला आणि फळीवर ठेवला. मी चौकटीला धरून उभी. आबांनी एक पाय मागे घेतला आणि रंधा पुढे रेटला.

टर्र्रर्रर्र!

असा आवाज आला की अंगणातल्या कोंबड्या पळाल्या. निम्म्या फळीपर्यंत रंधा अडखळत गेला आणि तोंडात चुरा कोंबून थांबला. छिलका कसला, नुसते तुकडे. नानांचा चेहरा पडला. मुलगा पटकन पुढे झाला, त्यानं पाचरीला हात लावून पाहिला आणि खालमानेनं म्हणाला, "आबा, पाचर ढिली झाली. चूक माझी. मी..."

"थांबा," आबा म्हणाले.

त्यांनी फळीवरून तळवा फिरवला, या टोकापासून निम्म्यापर्यंत. नजर गेली होती, पण तो तळवा काही आंधळा नव्हता. फळीवर लाटा उठल्या होत्या, मला दारातून दिसत होत्या. अख्ख्या जन्मात आबांनी अशी फळी कोणाकडून चालवून घेतली नव्हती. स्वतःचीसुद्धा. चूक झाली तर तेलपाणी झालेलं कपाट त्यांनी पुन्हा उघडं पाडलेलं मी पाहिलंय. तळवा फळीवरच ठेवून ते जरा वेळ उभे राहिले. माय पदराचा बोळा तोंडात धरून बघत होती.

मग त्यांनी मान वर केली आणि म्हणाले, "रंधा बराबर शे. पोर दिनी तुमले."

 सुतारांनी भरलेलं घर, सगळ्यांनी तो आवाज ऐकलेला! शेवटी नानाच म्हणाले, "आबा, पण तो छिलका..."

"निघाला," आबा म्हणाले. "माले डोळा शेतस, तुमले नहीत का?"

आणि मी, मी काय करावं? माझं जुळत होतं ना? गप्प बसायचं ना? माझ्या तोंडून निघालं, "आबा, पण कुठे..." मायनं मागून असा चिमटा काढला की पुढचे शब्द गिळले. मग सगळे एकदम हसायला लागले. नानांनी खिशातून पुडी काढून पेढा आबांच्या हातावर ठेवला. मुलगा अजून पाचरीकडेच बघत होता, त्याला काही केल्या पटत नव्हतं. लग्नानंतरसुद्धा कितीतरी वर्षं तो मला विचारायचा, की मी तर घट्ट ठोकली होती, मग ढिली झाली कशी? शेवटी सांगितलं मी, पण माझ्या सासूबाईंसमोर नाही. त्यानंतर तो जावई म्हणून आबांकडे जेवायला आला की मायच्या हौदावरून भरपूर हसणं व्हायचं.

पण त्या दिवशीचं सांगते. पाहुणे गेले. गल्लीतली पोरं आपट्याची पानं वाटत फिरत होती. मी कारखान्यात गेले, म्हटलं रंधा सुटा करून नीट लावून ठेवावा, उद्या काम आहे. आबा आधीच तिथे बसले होते. रंधा मांडीवर उलटा, हातात हातोडी.

"द्या, मी लावते," मी म्हटलं.

त्यांनी रंधा माझ्या हातात दिला नाही. म्हणाले, "बोटखाले तुले कसं समजस, ते माले दखाड." बोटाखाली तुला कसं कळतं ते मला दाखव. आबा मला शिकव म्हणत होते.

मी शेजारी बसले. त्यांचं बोट धरून रंध्याच्या तळावर आडवं फिरवलं. त्यांची बोटं जाड, घट्टे पडलेली. त्यांना काही कळेना. दुसरं बोट धरलं, त्यालाही कळेना. चिडले. "लाकडं झाली मनी बोटं," म्हणाले. मग मी डाव्या हाताची करंगळी धरली, तिला काम कमी पडतं. ती हळूच फिरवली. "आता?" आबा थांबले. पुन्हा फिरवली, या वेळी त्यांची त्यांनी. "हाई शे," ते म्हणाले. "आठे जरा जास्त शे." कोपऱ्यावर त्यांनी स्वतःच एक टिचकी मारली, करंगळी फिरवली, पाचरीला टोला दिला. उठले, फळी लावली आणि हात मारला. आरपार छिलका निघाला, वर उचलला तर उजेड दिसेल असा पातळ.

एरवी छिलका निघाला की ते माझ्याकडे द्यायचे, बघ म्हणून. या वेळी दिला नाही. स्वतःच्या मुठीत धरून ठेवला, आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "जाय आते तू. लग्नानी तयारी कर."

मी तिथेच फळीवर डोकं ठेवून मोठ्यानं रडायला लागले. माय धावत आली. "काय झायं व?" मी म्हटलं, "आबांनी रंधा लावला." "मंग त्यामा रडानं काय?" असं म्हणाली, आणि त्यांच्या मुठीकडे बघून तीही माझ्याशेजारी बसून रडायला लागली.